एकोणिसाव्या वर्षी पांढरे केस: खाण्यात नेमकं काय कमी पडतंय?

रानजाई

नमस्कार मंडळी. इथे वाचते बरीच वर्षं, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझी लेक एकोणीस वर्षांची आहे. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहते. आम्ही साताऱ्याला. दिवाळीत घरी आली तेव्हा पहिल्या अंघोळीच्या आदल्या रात्री तिच्या डोक्याला तेल लावायला बसले. कानामागचे केस बाजूला केले तर तिथे वीस-पंचवीस तरी पांढरे केस. भांगातही पाच-सहा. तिला माहीत नसेल म्हणून मी गप्प राहिले, तर तीच म्हणाली, "आई, दहावीपासून आहेत. मी कात्रीनं मुळाशी कापते." साडेतीन-चार वर्षं ती आरशासमोर एकटी हे करत होती आणि मला पत्ता नव्हता, ह्याचं फार वाईट वाटलं.

आमच्या घरचं सांगते, म्हणजे अंदाज येईल. सासरे माळकरी, त्यामुळे घरात अंडंसुद्धा येत नाही. लेकीला दूध लहानपणापासून आवडत नाही, दिवसातून दोनदा चहा मात्र लागतो. मेसमध्ये पोळी, रस्साभाजी आणि पाणीदार वरण. सोमवार आणि चतुर्थी धरते. पाळीत अंगावरून जास्त जातं. माझे केस अडतिसाव्या वर्षी पिकायला लागले, ह्यांचे तिशीत.

सासूबाई जास्वंद-माक्याचं तेल कढवून देतायत. शेजारच्या वहिनी म्हणतात कढीपत्त्याची चटणी रोज दे. लेकीनं मोबाइलवर बघून केसांच्या गोळ्या शोधल्यात, चघळायच्या, महिन्याचे नऊशे रुपये. मला एवढंच कळून घ्यायचंय: हे खाण्यामुळे झालंय का, आणि असेल तर कुठली तपासणी करू?

आडवाट

ताई, माझा अनुभव सांगतो. मला बाविसाव्या वर्षी सुरू झाले, सव्विसाव्यापर्यंत निम्मं डोकं पांढरं. वडील, दोन्ही काका, आत्या, सगळ्यांचं असंच. रक्ताच्या सगळ्या तपासण्या केल्या, सगळं व्यवस्थित निघालं. तरी दोन वर्षं आवळा, माका, सकाळी काळे तीळ, शीर्षासन, सगळं मनापासून केलं. एकही केस परत काळा झाला नाही. तब्येत सुधारली, ते खरं.

म्हणून सांगतो, आधी तपासणी करा. काही कमी निघालं तर आनंदच आहे, उपाय तरी सापडला. नाही निघालं तर लेकीला कशासाठीही धारेवर धरू नका. मला घरचे दोन वर्षं "तू जागरणं करतोस म्हणून" असं म्हणत राहिले. त्या बोलण्याचा त्रास केसांपेक्षा जास्त होता.

मंदवारा

रानजाई, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. ओपीडीत आठवड्याला दोन-तीन तरी आया हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून त्या मेलॅनिन बनवतात. हे काम करणारं टायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) तांब्याच्या अणूंशिवाय चालत नाही. केस वाढत असताना हा रंग त्यात भरला जातो. केस टाळूच्या बाहेर आला की तो निर्जीव तंतू. पांढरा दिसणारा केस पांढराच उगवलेला असतो. म्हणून वरून काहीही चोळलं तरी त्या केसात रंग शिरत नाही.

ह्या रंगपेशींचं बियाणं, म्हणजे मूळपेशी, केसाच्या मुळाच्या जरा वरच्या अंगाला साठवलेलं असतं. जुना केस गळून नवा उगवताना त्यातून नव्या रंगपेशी खाली उतरतात. बियाणं संपलं तर तो केस कायमचा पांढरा. वयानुसार आणि घराण्यानुसार होतं ते हे. २०१६ साली लॅटिन अमेरिकेतल्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात आयआरएफ४ ह्या जनुकाचा पांढऱ्या केसांशी संबंध सापडला. आडवाट ह्यांच्या घरात बहुधा अशीच काहीतरी जनुकांची देणगी असणार. पण बियाणं शिल्लक आहे आणि पेशींना फक्त खत-पाणी मिळत नाहीये, अशी परिस्थिती असेल तर रंग परत येऊ शकतो. आहाराचा प्रश्न येतो तो इथे, आणि एवढ्यापुरताच.

आशियाई लोकांत पंचविशीच्या आत केस पिकले तर त्याला अकाली म्हणतात. (गोऱ्या लोकांत ही मर्यादा वीस, आफ्रिकी वंशात तीस.) तुमची लेक ह्या व्याख्येत बसते, तेव्हा तपासणी जरूर करा. मी लिहून देतो त्या अशा: हिमोग्लोबिनसकट सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी१२ जीवनसत्त्व, फेरिटिन (शरीरात साठवलेलं लोह), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि ड जीवनसत्त्व. भारतातल्या तरुणांवरच्या एका छोट्या अभ्यासात अकाली पांढरे केस असलेल्यांमध्ये फेरिटिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी आढळलं होतं. कमी असणं आणि त्यामुळेच केस पांढरे होणं ह्या दोन गोष्टी आहेत, पण कमी असेल तर भरून काढायलाच हवं.

सगळ्यात भरवशाचा दुवा बी१२चा आहे. ते कमी असल्यामुळे पांढरे झालेले केस उपचारानंतर काळे उगवल्याच्या नोंदी आहेत. आणि तुम्ही लिहिलेला दिनक्रम वाचून माझ्या डोक्यात पहिलं तेच आलं. बी१२ कुठलीही वनस्पती बनवत नाही, ते फक्त जिवाणू बनवतात. आपल्यापर्यंत ते प्राण्यांमार्फत पोचतं: दूध, दही, अंडी, मासे, मटण. मोठ्या माणसाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम. शंभर मिली दुधात अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास. दोन कप चहात मिळून शंभर मिली दूध पडत असेल तर हिशेब तुम्हीच करा. रोज अर्धा लिटर दूध-दही पोटात जाणाऱ्या शाकाहारी माणसाचं कसंबसं भागतं. तुमच्या लेकीचं भागत नसणार.

हे एकट्या तुमच्या घरात नाही. पुणे आणि परिसरातल्या २०४ स्त्री-पुरुषांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला, त्यात ४७ टक्क्यांचं बी१२ कमी होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांच्या चमूनं २००६ साली खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे ४४१ मध्यमवयीन पुरुष घेऊन अभ्यास मांडला. एकूण ६७ टक्क्यांचं बी१२ कमी, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं. ज्यांच्या घरी धान्याला, भाजीला, फळाला काही तोटा नाही त्या लोकांचा हा आकडा आहे. भरल्या ताटाची ही उपासमार असते, म्हणून लवकर लक्षात येत नाही.

एक विचारायचं राहिलं. पांढरे केस कानामागे एकाच जागी पुंजक्यानं आहेत की डोकंभर विखुरलेले? एकाच जागी असतील तर त्याखालची कातडी नीट उजेडात बघा. कोडाचा डाग कधी कधी केसांमुळेच पहिल्यांदा लक्षात येतो, आणि त्याची वाट वेगळी आहे.

सोनटक्का

डॉक्टर, तांबं लागतं म्हणताय, तर तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायलं की काम होईल का? आमच्याकडे रात्री भरून ठेवतात.

मंदवारा

पाणी प्यायला हरकत नाही, पण केसांसाठी म्हणून नको. तांब्याची गरज दिवसाला दीड-दोन मिलिग्रॅमची, आणि तीळ, शेंगदाणे, काजू, हरभरा, चवळी खाणाऱ्या माणसाला ती सहज मिळते. जास्त झालं तर यकृताला जड जातं. त्या भांड्यात ताक, लिंबूपाणी, कोकम सरबत मात्र कधीही ठेवू नका, आंबटानं तांबं उतरतं.

मेंकेस नावाचा दुर्मिळ जन्मजात आजार आहे, त्यात शरीराला तांबं वापरता येत नाही. त्या बाळांचे केस फिकट आणि तारेसारखे राठ असतात. तांब्याचं महत्त्व आम्ही शिकलो ते त्यावरून. रोज वरण-भात-उसळ खाणाऱ्या घरात तो प्रश्न नाही.

प्रथिनांचंही तसंच. खूप कुपोषित मुलांचे केस तांबूस, विरळ होतात. पोटाला कधी मिळालं कधी नाही असं झालं तर एकाच केसावर फिकट आणि गडद पट्टे दिसतात, त्याला आम्ही ध्वजचिन्ह म्हणतो. मी शिकाऊ असताना आदिवासी भागातल्या शिबिरात एका चार वर्षांच्या मुलीच्या वेणीत ते पाहिलं होतं. त्या पट्ट्यांवरून पाऊस कधी आला आणि घरातलं धान्य कधी संपलं ते वाचता येत होतं. अजून विसरलो नाही.

खाडीकाठ

आमच्याकडे रत्नागिरीत भरती ओसरली की बायका तिसऱ्या, मुळे काढायला जातात. बी१२साठी शिंपल्यांइतकं दुसरं काही नाही असं आमच्या डॉक्टरीणबाई सांगतात. एक वाटी तिसऱ्यांच्या सुक्यात कित्येक दिवसांचं बी१२ निघतं. बांगडा, तारली, सुकटही चांगली. आमच्या आजीचं डोकं सत्तरीत अर्धं काळं होतं. ते तिसऱ्यांमुळे की तिच्या आईकडून आलं ते देवालाच माहीत, तिच्या आईचेही काळेच होते म्हणतात.

रानजाईताई, तुमच्याकडे चालत नाही हे वाचलंय. हे इतर वाचणाऱ्यांसाठी. जे मासे खातात पण पोरी हॉस्टेलवर गेल्या की त्यांचं सुटतं, त्यांनी सुकट भाजून, थोडं खोबरं आणि तिखट घालून चटणी करून डब्यात द्यावी. महिनाभर टिकते.

रानजाई

सगळ्यांचे आभार. आडवाट, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मीही "मोबाइल कमी कर" असं त्याच रात्री बोलून गेले होते. तिला फोन करून माफी मागितली.

डॉक्टर, केस विखुरलेलेच आहेत, कानामागे फक्त दाट आहेत. कातडी नीट आहे, तिच्याकडून फोटो मागवून पाहिला.

एक शंका आहे, विचारायला संकोच वाटतो. बी१२ प्राण्यांपासूनच मिळतं म्हणता, तर त्याची गोळी किंवा इंजेक्शन कशापासून करतात? सासऱ्यांनी पंचवीस वर्षं माळ सांभाळलीय. लेकीनं स्वतः माळ घातली नाही, पण आजोबांना न विचारता ती काही घेणार नाही. त्यांना मला खरं सांगायचंय.

खलबत्ता

ताई, संकोच कशाला, मोलाचा प्रश्न आहे. माझं सांगलीत औषधांचं दुकान आहे, महिन्यातून एकदा तरी कोणी हे विचारतंच.

बी१२ कारखान्यात जिवाणू आंबवून करतात. दह्याला विरजण लावतो तसंच तत्त्व, फक्त मोठ्या टाक्यांत. प्राण्याचा संबंध नाही. इंजेक्शन किंवा साधी गोळी घेतली तर माळकऱ्याला काही अडचण येऊ नये. कॅप्सूल घेताना बघा: तिचं वरचं आवरण बऱ्याचदा जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून, कातड्यापासून होतं. त्यामुळे गोळीच मागा, किंवा शाकाहारी आवरणाची कॅप्सूल आहे का ते विचारा. ड३ म्हणून जे ड जीवनसत्त्व देतात ते बहुतेक मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढलेलं असतं. मेंढी मारावी लागत नाही, पण तुम्हाला खरं सांगायचंय म्हणून हेही लिहिलं.

नऊशे रुपयांच्या चघळायच्या गोळ्यांबद्दल: त्यात मुख्यतः बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व असतं. बायोटिन कमी पडणं आपल्याकडे फार क्वचित. आणि मोठ्या मात्रेत ते घेत असताना रक्त दिलं तर थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. लेकीनं सुरू केल्या असतील तर बंद करायला सांगा आणि रक्त देताना लॅबमध्ये तसं बोला.

चांदणवेल

खलबत्ता, ह्या 'केस काळे करणाऱ्या जीवनसत्त्वाची' गोष्ट जुनी आहे. माझं शिक्षण पोषणशास्त्रातलं. १९३०-४० च्या सुमारास प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खाण्यातून पँटोथेनिक आम्ल हे ब गटातलं जीवनसत्त्व काढलं की त्यांची काळी लव करडी होते आणि परत दिलं की काळी होते, असं दिसलं होतं. त्यावरून माणसांना ते आणि पाबा नावाचं दुसरं द्रव्य देऊन बघितलं. उंदरांचं माणसांत उतरलं नाही. तरी डब्यांवर ही नावं आजही छापलेली दिसतात.

रानजाई, मेसमध्ये राहून लोह कसं वाढेल ते सांगते, कारण अंगावरून जास्त जातं म्हणालात ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जेवणाबरोबर आणि जेवणानंतर तासभर चहा नको, चहा लोह शोषू देत नाही. वरणावर, उसळीवर लिंबू पिळायचं. खोलीवर अळिवाचे लाडू ठेवा, खोबरं-गूळ घालून. राजगिऱ्याच्या वड्या, भाजलेले चणे. दूध नको असेल तर दही खाते का विचारा, नाहीतर ताक. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, अंबिलीचं पीठ भाजून दिलंत तर गरम पाण्यावर भागतं. उपासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा, शेंगदाणे, दही. उपास सोडायला सांगितलं तर ऐकणार नाही, पण त्यात काय खावं ते नक्की बदलता येतं.

कढीपत्ता जरूर द्या, चांगलाच आहे. फक्त बी१२ त्यात नाही. स्पिरुलिनातही नाही: त्यात जे दिसतं ते बी१२सारखं असतं, शरीराला उपयोगी पडत नाही.

उंबरसावली

मी वैद्य आहे, नगरजवळ दवाखाना आहे. आयुर्वेदात ह्याला पालित्य म्हणतात. टक्कल ते खालित्य. चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात सांगितलंय की पिंपळी, क्षार आणि मीठ ह्या तीन गोष्टींचा अतिवापर करू नये, आणि मिठाच्या अतिवापरानं खालित्य, पालित्य आणि अवेळी सुरकुत्या येतात. मी विद्यार्थीदशेत हे वाचलं तेव्हा वाटलं, कुणीतरी गावोगाव फिरून लोकांचं ताट आणि लोकांचं डोकं एकत्र बघितलेलं आहे. आजच्या मोजमापात ते किती बसतं हा वेगळा विषय, पण आहार आणि केस ह्यांचं नातं आपल्या परंपरेला नवं नाही.

मात्र एक गोष्ट मी सगळ्या रुग्णांना सांगतो आणि काही व्यवसायबंधूंना ते आवडत नाही. माक्याचं तेल डोकं शांत ठेवतं, केस मऊ राहतात, झोप चांगली लागते. ते जरूर लावा. पण हातापायांना मुंग्या, जिभेची आग, चालताना तोल जाणं असं काही असेल तर तेल, काढे, रसायन ह्यांत आठवडे घालवू नका, आधी बी१२ तपासा. एका आजोबांना मी चार महिने वाताची औषधं देत होतो. मज्जातंतूंचं जे नुकसान झालं ते पूर्ण भरून आलं नाही. ती चूक माझी होती.

अबोली_ठाणे

कोणी कात्रीऐवजी रंगाकडे वळत असेल तर माझं ऐका. माझ्या भाचीनं लग्नाआधी 'काळी मेंदी' लावली. दुसऱ्या दिवशी कपाळ आणि पापण्या एवढ्या सुजल्या की डोळे उघडेनात. हळदीच्या दिवशी ती दवाखान्यात होती. डॉक्टरांनी सांगितलं की खरी मेंदी केस लालसर करते, काळी करत नाही. काळी म्हणून मिळते तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी हे रसायन असतं. निळीच्या पाल्याची पूड मेंदीनंतर लावली तर गडद रंग येतो, वेळ लागतो पण. काहीही लावायचं तर आधी कानामागे थोडं लावून दोन दिवस थांबा.

परसबाग_न्यूजर्सी

माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी पूर्ण वनस्पतिआहारी झाला, दूध-तूपही सोडलं. इकडे सोया दुधात, नाश्त्याच्या सीरियलमध्ये बी१२ मिसळलेलं मिळतं, डब्यावर लिहिलेलं असतं, त्यावर त्याचं चाललंय. भारतात त्याची बहीण तसंच खायला बघते तर तिकडच्या सोया दुधाच्या बऱ्याच पाकिटांवर ते दिसत नाही. पाकीट उलटं करून वाचायला तिला शिकवलंय.

ताणाबद्दल कोणी लिहिलं नाही. परीक्षांमुळे होतं का हे?

मंदवारा

ताणाचा धागा आता बराच उलगडलाय. २०२० साली हार्वर्डमधल्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं की तीव्र ताणात केसाजवळच्या मज्जातंतूंतून नॉरएपिनेफ्रिन हे ताणाच्या वेळचं रसायन सुटतं आणि रंगपेशींचं ते साठवलेलं बियाणं एकदम वापरून संपवतं. २०२१ साली कोलंबिया विद्यापीठातल्या अभ्यासात १४ माणसांच्या एकेका केसाचे सूक्ष्म भाग बघितले. काही केस पांढरे होऊन परत रंगलेले निघाले. एकाच्या डोक्यावरचे पाच केस सुट्टीवर असताना काळे झाले होते. म्हणजे उंबरठ्यावरचा केस मागे वळू शकतो. वर्षानुवर्षं पांढरा असलेला बहुधा नाही. ह्याउपर परीक्षेला दोष द्यायला माझ्याकडे आधार नाही. सिगारेटशी संबंध मात्र दिसलेला आहे, तरुण मुलांना मी तो आवर्जून सांगतो.

उंबरसावली, तुमची पोस्ट फार मनापासूनची आहे. आमच्या बाजूलाही असं चुकतं.

रानजाई (अडीच आठवड्यांनी)

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन १०.१. फेरिटिन ७. बी१२ १४८, खाली दोनशेच्या आत कमी असं छापलंय. ड जीवनसत्त्व १४. थायरॉइड ठीक.

इथल्या फिजिशियननं बी१२ची इंजेक्शनं दिली आहेत, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, नंतर गोळी. लोहाची गोळीही. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलंय. विचारल्यावर लेक म्हणाली की जिना चढताना धाप लागते, दुपारी वर्गात डोळे मिटतात, पण "सगळ्यांनाच होतं" म्हणून बोलली नाही.

सासऱ्यांना खलबत्तांचा प्रतिसाद वाचून दाखवला. विरजणाची उपमा त्यांना पटली. म्हणाले, "पोरीच्या अंगात रक्त नाही आणि आपण केसाचं तेल कढवत बसलो. घे बाई इंजेक्शन."

मंदवारा

चांगलं झालं लवकर कळलं. एक सूचना: कुणी फक्त फॉलिक आम्लाच्या गोळ्या सुचवल्या तर बी१२शिवाय घेऊ नका. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालू राहतं. आणि केसांची घाई नको. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे काही बदल झालाच तर तो मुळाशी दिसायला चार-सहा महिने जातील. पांढरे केस उपटू मात्र नका. एक उपटला की दहा येतात हे खोटं आहे, पण मूळ दुखावतं.

घरात अजून कुणाची तपासणी केलीत का? एकाच चुलीवरचं खाणारी माणसं आहेत, म्हणून विचारतो.

रानजाई (आठ महिन्यांनी)

धागा वर काढतेय, कारण तुमचं देणं लागते.

डॉक्टरांचा तो शेवटचा प्रश्न वाचून आम्ही बाकीच्या चौघांनीही रक्त दिलं. सासऱ्यांचं १९०, माझं २१०, ह्यांचं २३५. सासूबाईंचं ९८.

सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या. बारा वर्षं साखरेसाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू, आणि ॲसिडिटीची गोळी रोजची. ह्या दोन्ही गोळ्यांनी बी१२ नीट शोषलं जात नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. दीड वर्षापासून त्यांच्या तळपायांची आग व्हायची, रात्री पाय ओल्या फडक्यात गुंडाळून झोपायच्या. बाथरूमला जाताना भिंत धरायच्या. देवपूजेत मंत्राची ओळ अर्ध्यावर तुटायची आणि त्या रडायच्या. आम्ही म्हणायचो साखर आहे, वय झालं. लेकीच्या केसांवरून हे सापडलं नसतं तर अजून किती दिवस तसंच चाललं असतं, हा विचार करवत नाही.

त्यांनाही इंजेक्शनं सुरू केली. आग तीन महिन्यांत निम्म्यावर आली. तोल पुष्कळ सावरलाय, पूर्ण नाही; अंधारात अजून हात धरावा लागतो. डॉक्टर म्हणाले, राहिलेलं कदाचित तसंच राहील. पूजा मात्र आता सलग होते.

लेकीचं हिमोग्लोबिन १२.४, फेरिटिन ३८, बी१२ ५१०. धाप गेली. मेसमध्ये आता ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मिळून रोज दह्याचा डबा मागवतात. त्या दोघींनीही तपासणी केली, एकीचं बी१२ कमी निघालं.

आणि केस. भांगातले जे जुने पांढरे होते ते पांढरेच आहेत. नवे फारसे आले नाहीत. कानामागे मात्र पंधरा दिवसांपूर्वी तिला आपणहून गळालेला एक केस सापडला, टोकाकडे पांढरा आणि मुळाकडचा बोटाच्या पेराएवढा भाग काळा. तिनं तो वहीच्या पानावर चिकटवून खाली तारीख घातलीय. असे अजून चार-पाच आहेत म्हणते. कात्री बंद आहे.

आडवाट

ताई, आजींचं वाचून डोळे भरून आले. माझ्या आईची तपासणी उद्याच करतो. तीही मेटफॉर्मिनवर आहे, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

खलबत्ता

तो केस जपून ठेवायला सांगा लेकीला. आणि आजी आता कशा आहेत?

रानजाई

बऱ्या आहेत. आज सकाळी कुणालाही न हाक मारता अंगणात जाऊन जास्वंदीची फुलं तोडून आणली त्यांनी, माका सासऱ्यांनी आणला होता. आता गॅसवर तेल चढवलंय. लेक शनिवारी यायची आहे.